तावड्यांच्या नाटकांतला दरवाजा

रविवार, १९ जानेवारी २०२५. बोरीवली. पहाटे गारठा होता. राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूचे डोंगर सकाळी बराच वेळ दिसत नव्हते, मग कोरडं ऊन पडलं. वारा नाही.

मी दरवाजा बोलतोय. कुणाच्या घराचा, असं विचाराल तर मला घरच नाही. माझ्या चौकटीतून आत शिरलेला माणूस दिवाणखान्यात पोचत नाही, विंगेत पोचतो. मी नाटकातला दरवाजा आहे आणि आयुष्यभर एकाच लेखकाच्या नाटकांत उभा राहिलो आहे. त्यांचं नाव चंद्रप्रकाश तावडे. ते विनोदी नाटकं लिहायचे. आज मी त्यांच्या मुलीच्या सोसायटीत, गोराईला, खालच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या मध्ये उभा आहे. संध्याकाळी एका नाट्यस्पर्धेचा निकाल लागायचा आहे. तोवर माझी हकीकत सांगतो.

माझा जन्म चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला. धोंडिराम नावाच्या सुतारानं मला देवदाराच्या खोक्यांच्या फळ्यांतून बनवलं. वर प्लाय ठोकला, त्यावर सागवानी रंग दिला. लांबून बघणाऱ्याला मी श्रीमंत घरचा वाटतो. जवळून बघायची वेळ फक्त नटांवर येते आणि ते बोलत नाहीत. धोंडिरामनं मला खरी कडी दिली, बाहेर बघायचं खरं भिंग दिलं, आणि तीन बिजागऱ्या. दोन पुरल्या असत्या. पण नाटक विनोदी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग हा दिवसभर आपटणार."

त्या काळी तावडे आरे कॉलनीत दूध डेअरीच्या कचेरीत कारकून होते. डेअरीतल्याच आठदहा जणांनी हौशी नाटकमंडळी काढली होती. पाळी संपली की तिथल्याच एका रिकाम्या खोलीत तालमी चालायच्या. खिडकीबाहेर म्हशी असत. एखाद्या गंभीर वाक्याला बाहेरून हंबरडा आला की तावडे ते वाक्यच काढून टाकायचे.

त्यांची तीन नाटकं मी केली. तिन्ही मला सारखीच प्रिय आहेत असं म्हणायची पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही.

सगळ्यात आवडतं म्हणजे 'या, बसा, निघा'. एका गृहस्थांना पाहुणे सोसत नाहीत, पण आग्रह करायची सवयही सुटत नाही. त्यामुळे मी सारखा उघडतो आणि दर वेळी नेमका नको तो माणूस आत येतो. त्या नाटकात मला श्वास घ्यायला फुरसत नसे. हशा उसळला की माझी भिंगाची काच थरथरायची. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आम्ही ते नेलं. लोक तिकिटाच्या खिडकीशी नाटकाचं नाव विसरायचे आणि "ते दरवाजाचं नाटक" म्हणून विचारायचे. हे मी नुसतं नोंदवून ठेवतो.

दुसरं 'पाहुणे सोमवारपर्यंत'. बरं होतं. त्यात माझ्या पाठीवर कॅलेंडर ठोकायचे.

सगळ्यात नावडतं म्हणजे 'किल्ली वनमालाकडे'. त्यात रंगमंचावर घर नाहीच, जिन्यावरची जागा आहे. एक कुटुंब आपल्याच बंद दाराबाहेर उभं आहे: नवरा, बायको, सासू आणि मेहुणा. किल्ली वनमाला नावाच्या बहिणीकडे आणि ती मुलुंडला गेलेली. तासभर ही माणसं माझ्यासमोर ताटकळतात. घरात टीव्ही लावून टाळलेलं सगळं तिथं वर येतं. कुणीतरी एखादं बोलून जातं आणि मग चौघं गप्प होतात. शेवटी वनमाला येते, म्हणते, "किल्ली कसली? ढकला की." ती ढकलते आणि मी उघडतो. कुलूप लावलेलंच नसतं.

तासभर नुसतं बंद उभं राहायचं! दरवाजाच्या जातीला याहून मोठा अपमान नाही. वर ते नाटक पडलं. का पडलं, हे तीनच जणांना ठाऊक होतं. एक तावडे, एक त्यांची कै. पत्नी आणि एक मी.

त्यासाठी दादू परब कोण ते सांगायला हवं. दादू म्हणजे तावड्यांचा गाववाला, डेअरीतला सोबती आणि मंडळीचा प्रॉम्प्टर. त्याचं स्टूल कायम माझ्या मागे, बिजागरीच्या बाजूला. हातात बॅटरी, मांडीवर वही. आमचे नट पाळ्या करून दमून यायचे, त्यामुळे पाठांतराच्या नावानं बोंब. एकदा 'या, बसा, निघा'मध्ये नायक पानभर विसरला, तर दादूनं ते पानभर त्याला मागून चारलं. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही, कारण हशाच्या गडगडाटात दादूचा आवाज बुडून जायचा.

'किल्ली'मध्ये हशा नव्हता, शांतता होती. सासूचं काम करणाऱ्या बाई लिहिल्याप्रमाणे थांबल्या की दादूला वाटे, विसरल्या. तो तत्परतेनं पुढचं वाक्य द्यायचा, बाई घाबरून ते लगेच बोलायच्या. प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू आलं, एकदा माझ्या मागून आणि एकदा पुढून. मध्यंतरानंतर निम्मे लोक बटाटेवड्याजवळच राहिले. प्रयोग संपल्यावर दादू घाम पुसत तावड्यांना म्हणाला, "आज काय इसारली रे सगळी! मी व्हतंय म्हणान निभावला."

तावडे म्हणाले, "होय रे बाबा. तू होतास म्हणून."

त्यानंतर त्यांनी नाटक लिहिलं नाही. मी चारकोपच्या एका गोदामात गेलो. तिथं मला आडवं ठेवलं होतं. आडव्या दरवाजावर लोक काहीही ठेवतात. माझ्यावर मांडवाच्या खुर्च्या होत्या, त्यांच्यावर प्लास्टिकच्या कुंड्या. पोटात थोडा बाक आला तो तेव्हाचा.

गेल्या ऑक्टोबरमध्ये रुचिरानं मला बाहेर काढलं. रुचिरा ही तावड्यांची मुलगी. अंधेरीला नोकरी करते आणि सोसायटीतल्या लोकांना घेऊन नाटकं बसवते. उपनगरातल्या हौशी मंडळींच्या स्पर्धेत वडिलांचं नाटक करायचं तिनं ठरवलं. पहिल्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले, मला भिंतीला टेकवलं.

आकाश, म्हणजे नवऱ्याचं काम करणारा, म्हणाला, "काका, 'या, बसा, निघा' करू या ना. झकास आहे, पब्लिक लोळतं."

"ते लोळून झालंय," तावडे म्हणाले. "'किल्ली' करा."

"ती तर पडलेली ना?"

"पडली होती. उठते का बघू."

मी मनातल्या मनात कडी लावून घेतली.

डिसेंबरातल्या एका तालमीनंतर सगळे गेले, बापलेक मागे राहिले. रुचिरा संहिता चाळत म्हणाली, "बाबा, यात माणसं किती वेळा नुसती गप्प उभी आहेत. तेव्हा लोकांनी ऐकून घेतलं?"

"तेव्हा कुणी गप्प राहिलंच नाही." तावड्यांची नजर माझ्या मागे, स्टुलाच्या रिकाम्या जागेकडे गेली.

रुचिराच्या लक्षात आलं. "दादूकाका?"

"हळू बोल."

"इथं कोण ऐकतंय? तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत? इतक्या वर्षांत?"

"काय सांगू? तू माझं नाटक पाडलंस, असं? अगं, त्याच्या जिवावर माझं पहिलं नाटक उभं राहिलं. माझ्यासाठी गणपतीला गावी न जाता तो विंगेत बसलाय. एक नाटक गेलं तर गेलं."

"मग आता कशाला काढलंत?"

तावडे म्हणाले, "एकदा ऐकायचंय मला ते. लिहिलं होतं तसं. एकदाच."

"ठीक आहे. मग प्रॉम्प्टर ठेवायचाच नाही. सगळ्यांचं चोख पाठ आहे."

"दादूला ठेवावं लागत नाही," तावडे म्हणाले. "तो येतो."

आणि तो आला. १२ जानेवारी, रविवार, दुपारचा प्रयोग. घाटकोपरहून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशात नवे सेल घातलेली बॅटरी, काखेत जुनी वही. त्यानं स्वतःच कुठूनसं स्टूल आणून माझ्या मागे ठेवलं, माझ्या चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "काय रे, बाक काढलंस?"

सासूचं काम करणारी माधुरी रुचिराच्या कानाशी लागली. "वाट लागली. मी थांबले आणि यांनी मागून दिलं तर?"

"बाबा, मी बोलू का त्यांच्याशी?" रुचिरानं विचारलं.

"नको," तावडे म्हणाले. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध राखून ठेवलेली होती. ती त्यांनी सोडली. आत आले, सामानाची एक पेटी ओढली आणि दादूच्या शेजारी बसले.

"तू पुढे बस मरे," दादू म्हणाला. "नाटक बघूक आयलंस ना?"

"ऐकूक आयलंय."

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला.

पहिलाच प्रसंग. माधुरी मेहुण्याला म्हणाली, "वनमाला असती तर आपण बाहेर राहिलो नसतो." आणि गप्प झाली. चौघं गप्प झाली. सभागृह गप्प झालं.

मागे दादूनं श्वास ओढला. बॅटरी लागली. तावड्यांनी बॅटरीवर तळहात ठेवला. त्यांची बोटं आतून लाल दिसायला लागली.

"इसारली ती!" दादू कुजबुजला.

"इसराक नाय. मीच तसा लिवलंय."

"गप बसाक लिवलंस? तुझ्या नाटकात माणसा गप कधीपास्ना बसाक लागली?"

"ह्याच नाटकात."

दादू वहीकडे बघत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "म्हणजे तेव्हा पण?"

तेवढ्यात सभागृहात मागच्या बाजूला कुणीतरी एक बाई फिसकन हसली. मग शेजारचा. मग हसू एकेका रांगेतून पुढे येत गेलं, सावकाश, आणि माझ्या अंगावर येऊन टेकलं. हा हशा मला ओळखीचा नव्हता. 'या, बसा, निघा'चा हशा दणकन आपटायचा. हा आत शिरत होता.

"तेव्हा कित्याक सांगूक नायस?" दादूनं विचारलं. त्यानं बॅटरी विझवली होती.

"ऐक आता," तावडे म्हणाले.

दोघं ऐकत राहिले. मध्येच आकाशची जागा आली, नाटकातली सगळ्यात लांब शांतता. त्यानं खिशातून चष्मा काढला, पुसला, पुन्हा ठेवला. लांबली. फारच लांबली. स्वतः तावड्यांना राहवेना. त्यांनी तोंड उघडलं, पुढचं वाक्य ओठांवर आलं आणि दादूनं पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"गप ऱ्हव."

तो हात तिथंच राहिला. दादूनं नीट दाबून धरता यावं म्हणून स्टूल पुढे सरकवलं, थेट माझ्या चौकटीच्या मागे, मधोमध. इतकी वर्षं तो बिजागरीच्या बाजूला बसत आलेला. मी उघडलो तरी माझ्या फळीआड झाकला जाई. आज दोघांनाही भान नव्हतं.

वनमाला आली. म्हणाली, "किल्ली कसली? ढकला की." तिनं ढकललं. मी उघडलो.

आत, तासभर बंद असलेल्या त्या घरात, दोन म्हातारे बसलेले होते. एकाच्या हाताखाली दुसऱ्याचं तोंड.

रंगमंचावरचे पाचही जण थिजले. संहितेत इथं फक्त काळोख आणि पडदा होता. प्रेक्षकांनाही क्षणभर कळेना, हसायचं की काय. शांतता पसरली, आणि ती कुणी लिहिलेली नव्हती.

दादू प्रेक्षकांसमोर कधीच आला नव्हता. त्यानं हात खाली घेतला, शर्ट सारखा केला आणि त्या ताटकळलेल्या कुटुंबाला म्हणाला, "या. बसा."

तावडे पेटीवरून उठले. "आम्ही निघतो."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. माझी काच थरथरत होती.

हे झालं गेल्या रविवारी. तेव्हापासून मी इथं आहे. या पार्किंगमध्ये मला उभं ठेवलंय. माझं एवढंच मागणं आहे: पुन्हा कुठंही ठेवा, पण उभंच ठेवा. आवडीनिवडीचं विचाराल तर पहिला क्रमांक मी बदललेला नाही. शेवटचा मात्र बदलला. आता तिथं कॅलेंडरवालं नाटक आहे.

दुपारपासून दोघं माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसले आहेत. तावड्यांच्या मांडीवर कोरे कागद आहेत.

"काय लिवतंस?" दादूनं विचारलं.

"दोन म्हातारे."

"बोलतत काय?"

"कमी."

"बरा," दादू म्हणाला. "पाठ करूक बरा."

संध्याकाळी रुचिरा जिना उतरून खाली आली आणि तिनं फोनवरून वाचून दाखवलं. सांघिक: तिसरा क्रमांक. लेखन: पहिला, चंद्रप्रकाश तावडे. दिग्दर्शन: बक्षीस नाही. नेपथ्य: बक्षीस नाही. अभिनय, उत्तेजनार्थ: दादू परब.