कमसियाची रोपं

सलबियाच्या ओसरीवर टांगलेल्या पोकळ ओंडक्यात नांगी नसलेल्या, मुंगीएवढ्या मधमाश्या राहायच्या. नवरा गेल्यावर घरात तेवढीच काय ती जाग होती. त्यांच्यासाठी तिने अंगणभर फुलझाडं लावली होती, आणि सगळी रोपं कमसियाच्या रोपवाटिकेतली. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. "माझ्याकडे विषाचा थेंब नाही," असं कमसियानेच छातीठोकपणे सांगितलं होतं.

रमजानच्या आधी ओंडक्याखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडू लागला. काही पाठीवर पडून गरगर फिरायच्या. सलबिया रडतच कमसियाकडे गेली.

"ऊन वाढलंय गं," कमसिया म्हणाली. "त्यांना खायला कमी पडतंय. अजून फुलं लाव." आणि तिने गुलाबी फुलांचे आणखी सहा वेल दिले.

माश्या अजूनच मरायला लागल्या. तरी सलबिया पुन्हा रोपंच आणायला गेली. कमसिया लग्नाच्या जेवणाला गेली होती. तिची सून नुरहानी हातमोजे घालून कुंड्या हलवत होती.

"मावशी, हात नका लावू! सकाळीच औषध मारलंय."

"औषध? कशावर?"

"सगळ्यावरच. दर आठवड्याला मारतो." ती सहज म्हणाली. "फक्त मागच्या अंगणात नाही. तिकडे सासूबाईंच्या माश्या आहेत ना."

सलबिया मागे गेली. तिथे किडीने कुरतडलेल्या पानांच्या वेलाखाली कमसियाचा ओंडका होता, आणि त्याच्या तोंडाशी माश्यांची नुसती झुंबड उडाली होती. 

संध्याकाळी सुनेकडून कळताच कमसिया धावत सलबियाच्या घरी आली.

"डाग पडलेलं पान कोण घेतं, सांग? तूसुद्धा पान उलटून बघूनच घेतेस!"

"मग मला तसं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"नसती घेतली. माश्या तरी जगल्या असत्या." सलबियाचा आवाज चढला नाही. "मी तुझ्यापुढे रडले, कमसिया. आणि तू मला अजून सहा वेल दिलेस."



दुसऱ्या दिवशी सलबियाने सगळी रोपं मुळासकट उपटून पोत्यात बांधली, कुणी उचलून नेऊन लावू नयेत म्हणून. ओंडका आठवड्याभरात गप्प झाला. मग ती गावभर हिंडली आणि ज्यांच्या झाडांची पानं कुरतडलेली होती, त्यांच्याकडून फांद्या मागून आणल्या.

त्या रुजल्या तेव्हा नुरहानी एक ओंडका घेऊन आली. कमसियाने आपल्या माश्यांतल्या अर्ध्या पाठवल्या होत्या. सलबियाने ओंडक्याला कान लावून आतली गुणगुण ऐकली. मग म्हणाली, "ठेव. यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही."

ईदला कमसिया नवे कपडे घालून पायऱ्यांशी आली. सलबियाने भाताच्या वड्या वाढल्या, सरबत दिलं.

"या, बसा," ती म्हणाली. "तुम्ही साखर कमी घेता ना?"

कमसियाने पेला हातात धरला, पण तिला तो ओठाला लावता येईना.