लुगड्याची गाठ

सासूच्या अंगाला वास येतो, हे पंचावन्न सालच्या दिवाळीत अन्नपूर्णेच्या ध्यानात आलं. विचारलं की सासू धुरपता उडवून लावायची. एकदा लुगडं बदलताना अन्नपूर्णेनं पाहिलंच. उजव्या कमरेवर, गाठ बसायची तिथल्या काळ्या वळावर, फुलकोबीसारखं मांस वर आलं होतं. धुरपता वर्षभर हळद आणि कडुलिंबाचा पाला लावत होती. लाजेपायी कोणाला बोलली नव्हती.

अन्नपूर्णेनं तिला बैलबंडीत घालून हिंगणीहून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, जांघ चाचपली.

"कर्करोग आहे. लुगडं वर्षानुवर्षं एकाच जागी काचलं, की कातडीला होतो. जखम लहान होती तेव्हा दाखवली असती, तर कापून काढला असता. आता आत पसरलाय."

"लुगड्यानं?" धुरपता म्हणाली. "मंग आधी काऊन नाई सांगतलं कोणी?"

डॉक्टरीणबाईंनी हात धुतले. मग अन्नपूर्णेला म्हणाल्या, "गाठ सैल बांधत जा, जागा बदलत जा, घाम धुऊन काढत जा. जखम भरत नसेल तर लगेच या."

घरी पोचताच धुरपता म्हणाली, "तुह्यी कंबर दाखव."

"काऊन जी, आत्याबाई?"

"दाखव म्हणतो ना!"

सुनेच्या कमरेवरही वळ उमटला होता. धुरपता त्यावर बोट फिरवत राहिली आणि पहिल्यांदाच रडली.

सकाळी ती अन्नपूर्णेच्या खांद्याला धरून विहिरीवर गेली. पाणी भरणाऱ्या बायकांसमोर तिनं जखमेवरची चिंधी सोडली. एकीला ओकारी आली. म्हातारी मनकर्णाबाई ओरडली, "लाज सोडली का वो तुनं?"

"सोडली. नीट पाहा. आपल्या लुगड्यानं झालं हे. गाठ ढिली बांधत जा, बायांनो."

"ढिल्या लुगड्यानं वावरातलं निंदण होते का?" दुसरी एक म्हणाली.

बायका घागरी उचलून निघून गेल्या. अन्नपूर्णेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सासू उभी राहू शकत होती तोवर तिला रोज घेऊन गेली. बायका वाट बदलू लागल्या.

थंडी सरताना धुरपता गेली. शेवटी तिचं ओरडणं पार पाटलाच्या घरापर्यंत ऐकू जाई.

दिवसकार्य झाल्यावर शेजारची भागीरथा आली. इकडचं तिकडचं बोलली, मग उठून दार लावलं आणि गाठ सोडली.

"फुटलं हाय. ज्वारीच्या दाण्याएवढं. घरी नाई सांगतलं."

अन्नपूर्णेनं वाकून पाहिलं.

"तुह्या घरी मी सांगतो," ती म्हणाली. "आजच निघू वर्ध्याले." आणि बंडी मागायला ती तशीच बाहेर पडली.