बिनदोरीचा तिरकमठा

मी तिरकमठा बोलतोय. असातसा नाही, अस्सल विलायती! यू नावाच्या झाडाच्या लाकडाचा, पुरुषभर उंचीचा. आता घागरी वाहतो म्हणून हसू नका.

माझे पूर्वज जुन्या युरोपात लढाया मारत. दोर थेट कानापर्यंत ओढायचा आणि शेकडो बाण एकदम सोडायचे. चिलखतातल्या घोडेस्वारांचीही दाणादाण उडायची. जंगलात त्यांनी हरणं पाडली, रानडुकरं पाडली. मला मात्र एका रेल्वेसाहेबानं नुसत्या हौसेखातर बडनेऱ्याला आणलं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तो मायदेशी निघाला, तेव्हा त्यानं मला आपल्या माळ्याला, देवमनला देऊन टाकलं. बजावलं मात्र, "काम झालं की दोर उतरवून ठेव."

देवमन मला घेऊन अंजनगावला आपल्या घरी आला. पण दोर काही उतरवेना. "बिनदोरीचा तिरकमठा म्हंजे निरी काठी! लोक हासतीन ना मले," असं बायकोला म्हणायचा. कितीतरी वर्षं मी ताणलेलाच खुंटीवर. पाठ दुखून जीव नकोसा झाला, पण सांगतो कोणाला?

मग रानडुकरं त्याच्या रताळ्याच्या वाफ्यांत शिरली. घरचा तेवढाच आधार. देवमननं मला खाली काढलं. माझा ऊर भरून आला. एकदा तरी पूर्वजांचं नाव राखायचं होतं! संध्याकाळी डुक्कर आलं. देवमननं दोर कानापर्यंत ओढला, सोडला. बाण चार पावलांवर मटकन पडला. ताण सोसून सोसून माझ्यात तेवढा जोरच उरला नव्हता. डुकरानं मान वर केली आणि पुन्हा रताळी उकरायला लागलं. शेवटी देवमनच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, रॉकेलचा डबा बडवला तेव्हा ते पळालं. लाज वाटली हो मला!

अर्धे वाफे गेले. पुन्हा वेल लावायचे तर विहिरीवरून पाणी आणणं आलं. दुर्गाबाईनं माझा दोर सोडला, टोकांच्या खाचांना घागरी बांधल्या आणि देवमनच्या खांद्यावर मला ठेवलं. "डुक्कर तं मेलं नाई, पानी तं वाहीन ना हा!"

वाहिलं. वेल जगले.

परवा पाहुणे आले. देवमनला मिरवायची हुक्की आली, दोर शोधायला लागला. दुर्गाबाई कडाडली, "काहून तानता त्याले? दिवसभर पानी वाहून थकला थो. पडू द्या निवांत!"

देवमननं मुकाट्यानं मला कोपऱ्यात टेकवलं. "हे काय, काठी हाय का?" म्हणून पाहुणे हसले.

हसेनात का बापडे!