न प्यालेल्या पाण्याचा आळ

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. वयानं नव्हे, टाकून दिल्यामुळं जुना. पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं विहीर, पाट आणि भिजलेलं शेत येतं. मी मात्र जन्मात कुठल्याही पिकाला पाणी पाजलं नाही. माझं काम उष्णतेची ने-आण करण्याचं. जमिनीत खोलवर ना ऊन पोचतं ना थंडी. बंद नळ्यांतलं तेच ते पाणी फिरवत मी उन्हाळ्यात घराची धग खाली सोडायचो आणि हिवाळ्यात खालची ऊब वर आणायचो.

सास्तूरला आयुबभाईंच्या घरी मला त्यांच्या मुलानं, सादनं आणलं. तो पुण्यात अशाच यंत्रांचं काम करतो. माझ्या नळ्यांसाठी अंगणात तीन बोअर पाडले. भूकंप सोसलेल्या या गावाला जमिनीतून आलेला आवाज खपत नाही. मी पहिल्यांदा गुरगुरलो तेव्हा सादची आई फरिदाबी पिठाच्या हातानं बाहेर धावल्या. पण वैशाखात खोलीभर गारवा पसरला आणि त्याच फरिदाबी शेजारणींना सांगू लागल्या, "ह्यो माझा थोरला ल्योक. साद धाकटा." त्यांनी मला जुन्या ओढणीचं झाकण शिवलं. त्यात मला उकडायचं, पण आईनं घातलेलं कोण काढतं?

आयुबभाईंनी मात्र एक डाव साधला होता. बोअरची गाडी दारात उभी होतीच. त्यांनी घरामागं चौथा बोअर पाडून घेतला, त्यात पाण्याची मोटार सोडली आणि गावाला सांगितलं, "हे बी मशीनचंच काम हाय." त्या पाण्यावर त्यांचा ऊस तरारला.

पुढं एका वर्षी पावसानं दगा दिला. शेजारच्या अण्णारावांचा बोअर आटला, म्हशी दावणीला हंबरू लागल्या. अण्णाराव चार माणसं घेऊन तरातरा आले.

"आयुबभाई, तुमच्या ह्या पंपानं माझं पाणी ओढलं!"

मी निर्धास्त होतो. मी थेंबभरही पाणी पीत नाही, हे सादनं घरात सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. आयुबभाईंनी एकदा घरामागं पाहिलं आणि म्हणाले, "व्हय अण्णाराव. पंपच त्यो, पाणी ओढणार न्हाय तर काय करणार? काढूनच टाकतो."

चोर सोडून संन्याशाला सुळी! 

अण्णारावांना तरी पटेना. उंबऱ्यात फरिदाबी उभ्या होत्या. "भाबी, तुमी कधी खोटं बोलत न्हाय. तुमी सांगा, ह्योच का?"

माझी सारी भिस्त त्या एका तोंडावर होती. फरिदाबींनी माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. पदर ओठांवर धरला.

"ह्योच," त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी माझ्या नळ्या कापल्या. बादलीभर पाणी सांडलं आणि थांबलं.

"एवढंच?" अण्णारावांनी विचारलं.

"बाकीचं प्याला आसंल," आयुबभाई म्हणाले. माणसं हसली. अण्णाराव हसले नाहीत, पण त्यांनी पुढं काही विचारलंही नाही. त्यांचा बोअर आजही कोरडाच आहे.

मी आता गोठ्यामागं पडून असतो. तारा उंदरांनी कुरतडल्या. आयुबभाईंवर माझा राग नाही. लोभी माणूस लोभानं वागला. फरिदाबींचा तो एक शब्द मात्र मला अजून गिळता आलेला नाही.

ईदला साद आला. "अम्मी, मशीन कुठंय?"

"बिघडलं, बेटा."

त्यानं मला शोधून काढलं. कापलेली नळी हातात घेतली, घरामागच्या मोटारीचा आवाज ऐकला आणि आईकडं पाहिलं. फरिदाबी भांडी घासत राहिल्या. मला वाटलं, आता हा बोलणार. सादनं नळी हळूच खाली ठेवली आणि हात धुऊन जेवायला गेला.

मित्रांनो, यंत्राला पुसा, वेळेवर दुरुस्त करा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. कधी खोटं बोलायचंच झालं, तर ज्याला उलटून उत्तर देता येतं, त्याच्यावर आळ घ्या.