नाव न घेण्याचं वर्ष

निबंधात भावाचं नाव लिहू नकोस, असं डॅनिकाला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगावं लागेल असं रिझर्व्हवर, मूळनिवासींच्या त्या राखीव वस्तीत, कुणाच्या मनातही आलं नसतं. माणूस गेला की वर्षभर त्याचं नाव घ्यायचं नाही, हे त्यांच्या घरात लहान पोरांनाही ठाऊक होतं. नाव घेतलं की तो वळून बघतो आणि त्याची वाट खुंटते. वर्ष भरलं की जेवण घालायचं, त्याच्या वाट्याचा घास विस्तवात सोडायचा. मग नाव मोकळं.

नोव्हेंबरमध्ये तिचा भाऊ स्नोमोबाइलसकट तळ्याच्या कोवळ्या बर्फाखाली गेला. जानेवारीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती. चारही वर्षांची फी, राहणं, जेवण. बँड कौन्सिलच्या, म्हणजे वस्तीच्या पंचायतीच्या, शिक्षणनिधीसाठी रांग इतकी लांब होती की तिची मावसबहीण वाट बघूनबघून पेट्रोलपंपावर कामाला लागली होती. डॅनिकाला विद्यापीठात जायचं तर हाच एक रस्ता होता.

"'माझा भाऊ, माझा भाऊ' काय लावलंयस?" शाळेतल्या समुपदेशक बाई कच्चा निबंध वाचून म्हणाल्या. "निवड समितीला माणूस दिसला पाहिजे. नाव लिही त्याचं."

बाई शहरातल्या होत्या. डॅनिकाने विचार केला, लिहिणं म्हणजे काही हाक मारणं नव्हे. तिने नाव लिहिलं.

निबंध पसंत पडला. फेब्रुवारीत बोलावणं आलं, मुलाखत एप्रिलमध्ये होती. सुरुवातीला निबंध मोठ्याने वाचून दाखवायचा होता. शाळेतून आली की ती स्वयंपाकघरात टेबलाशी उभी राहून सराव करू लागली. पहिल्या दिवशी नावापाशी जीभ अडली. दुसऱ्या दिवशी अडली नाही.

आधी कुत्र्याच्या लक्षात आलं. तो दारात आडवा पसरायचा आणि कुणासाठी उठायचा नाही. भाऊ तेवढा त्याला पायाने ढकलायचा. आता वाचन चालू असताना तो मध्येच उठे, बाजूला सरके आणि कुणीतरी आत गेल्यावर पुन्हा पसरे. मग ट्रकची सीट. भाऊ लांब ढांगांचा, मायलेकी दोघी बुटक्या. रोज सकाळी सीट पार मागे गेलेली असे. आई ती पुढे ओढून घेई.

आईचं रडणं थांबलं होतं. ती मनुके घालून बॅनकची जाड रोटी भाजू लागली. घरात मनुके फक्त एकालाच आवडायचे.

"कालचं ते परत वाच ना," ती म्हणायची. "जाळं फाटल्याचं."

"आई, ते पाठ झालंय माझं."

"मग काय झालं? नीट म्हण. नाव खातेस तू."

मार्चअखेर मामा शिकार केलेल्या मूस हरणाचं मांस घेऊन आला. "काय गं, विद्यापीठाच्या महाराणी, आमच्यासारख्यांना चहा मिळतो का अजून?" तो बसला आणि त्याला टेबलावरचा आणखी एक भरलेला मग दिसला. त्याने तो कुणाचा ते विचारलं नाही. जाताना त्याने डॅनिकाला अंगणात बोलावलं.

"तो गेल्यावर चार दिवस मी आगीशी जागत बसलो, पोरी. पुढून भाजलो, मागून गोठलो. कशासाठी? तो पुढे जावा म्हणून. आणि तू त्याला रोज दुपारी चहाला बोलावतेस."

"मी फक्त वाचते, मामा."

"वाचणं त्याला कधी जमलं नाही. ऐकू मात्र चांगलं यायचं."

डॅनिकाला हसू आलं, पण क्षणभरच. "नाही वाचलं तर शिष्यवृत्ती गेली."

"माहितेय मला." मामाने ट्रकचं दार उघडलं. "ताईकडून हे थांबणार नाही. ती त्याला सोडायची नाही. आता तुझं तू बघ."

मुलाखतीसाठी आई तिला ट्रकने थंडर बे शहरात घेऊन आली. ती पार्किंगमध्ये थांबली. समितीत तिघं होते. अध्यक्ष डॉ. मॅक्सिन बेली, जमैकाहून लहानपणी आलेल्या कृष्णवर्णीय बाई, मऊ आवाजाच्या. डॅनिकाच्या डाव्या हाताला एक खुर्ची रिकामी होती.

"घाबरू नकोस," डॉ. बेली म्हणाल्या. "आम्हा सगळ्यांना तुझा भाऊ फार आवडला." आणि त्यांनी प्रेमाने त्याचं नाव घेतलं.

खोलीत पेट्रोलचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. खुर्ची करकरली. डॅनिकाने डावीकडे बघितलं नाही.

"ते नाव घेऊ नका," ती म्हणाली. "वर्ष व्हायचंय अजून. लिहिलं ती माझी चूक झाली. मी निबंध वाचणार नाही. तुम्हीही तो बाजूला ठेवा."

कोपऱ्यातल्या गृहस्थांनी चष्मा काढला. "निबंधाचे गुण धरल्याशिवाय मोठी शिष्यवृत्ती देता येत नाही, हे तुला कळतंय ना? फार तर एका वर्षाची छोटी मदत. तीही नक्की नाही."

"कळतंय."

डॉ. बेलींनी समोरचा कागद उपडा केला. "आमच्याकडे माणूस गेला की नऊ रात्री जागवतात," त्या म्हणाल्या, "आणि मग खोलीतलं सामान हलवून ठेवतात. परतला तर त्याला खोली ओळखू येऊ नये म्हणून." त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि ती खुर्ची उचलून त्यांनी खोलीबाहेर ठेवली. "आता सांग. तुला काय शिकायचंय?"

डॅनिका तळ्याच्या बर्फाबद्दल बोलली. तो कधी धरतो, कुठे फसवतो, हल्ली उशिरा का धरतो. नाव एकदाही आलं नाही. बोलून झालं तोवर वास गेला होता.

आई ट्रकमध्ये वाट बघत होती. "छान वाचलंस?"

"वाचलं नाही. निबंध काढून घेतला."

आईने तिच्याकडे बघितलं. "मग आता घरी कुणी म्हणायचं ते?"

"कुणीच नाही, आई. नोव्हेंबरपर्यंत कुणीच नाही."

"दोन महिने झाले मला नीट झोप लागतेय. तो येतो म्हणून. आणि तू..."

आईने काच खाली केली, पार्किंगच्या पलीकडल्या झाडांकडे तोंड केलं आणि छातीभर श्वास घेतला. नावाचं पहिलं अक्षर ओठांवर आलं तेवढ्यात डॅनिकाने तिच्या तोंडावर हात दाबला. आईने तिचं मनगट धरलं, नखं रुतवली. तळव्याखाली ते नाव गरम वाफेसारखं हललं, पुन्हा हललं. बाजूने दोन विद्यार्थी गेले. त्यांनी बघितलं आणि नजर वळवली.

मग आईची पकड सैल झाली आणि ती रडू लागली, कितीतरी आठवड्यांनंतर. डॅनिकाने हात काढला नाही.