बटाट्यांचा कोपरा

"हे बघ लिओना, मी काही फार शिकलेला माणूस नाही," वॉल्टर सोबोटकानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पण दोन कागद शेजारी ठेवले तर स्वस्त कुठला, एवढं मलाही कळतं. इथं आमच्या पदरचे वर्षाला चौदा हजार, तिथं साडेतेरा. पाचशे डॉलरसाठी कुणी पोरगी चार तास लांब पाठवतं का?"

"जाजी, आपण विचारायला आलोय," टेसा म्हणाली. "निकाल सांगायला नाही."

आजोबाला जाजी म्हणणारी ही अठरा वर्षांची नात त्यानंच वाढवली होती. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक राज्याचं मोठं विद्यापीठ, आणि दुसरं हे, गावच्या डोंगरावरचं छोटं कॅथलिक विद्यापीठ. गावात त्याला नावानं कुणी ओळखत नसे, सगळे 'टेकडी'च म्हणत. वॉल्टरची बायको बर्था टेकडीच्या चर्चमधल्या वेदीची वस्त्रं बावीस वर्षं इस्त्री करत होती, आणि ती गेली तेव्हा तिची अंत्यविधीची प्रार्थनाही तिथंच झाली. त्यामुळे म्हाताऱ्याचं ठरलेलंच होतं. त्यानं टेकडीचं स्टिकर विकत आणून पिकअपच्या मागच्या काचेवर डकवलंसुद्धा होतं. खाली दगडी कोळशाच्या या गावात ही एक रीतच आहे, पोराच्या आधी गाडीला प्रवेश मिळतो. होकार कळवायला एक मे ही शेवटची तारीख होती आणि आज मंगळवार, अठ्ठावीस एप्रिल.

टेबलापलीकडे लिओना हुदाक बसली होती. टेकडीच्या आर्थिक मदत कचेरीत तिला चौतीस वर्षं झाली होती. कुणाला किती मदत मिळाली हे पोरांना समजावून सांगणं, फॉर्म भरून घेणं, आईबाप रडायला लागले की रुमालाचा डबा पुढं सरकवणं, हे तिचं काम. या कामात ती कधी चुकली नाही, आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता.

टेसानं फॉर्मवर बोट ठेवलं. "मिसेस हुदाक, 'बाहेरून मिळालेली शिष्यवृत्ती' असं लिहिलंय. चर्चच्या बायकांचे ते दरवर्षीचे दोन हजार इथंच लिहायचे ना?"

"बायकांचे म्हणजे हिचेही," वॉल्टर लिओनाकडे बोट दाखवून हसला. "ही दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बसून पिरोगी चिमटते. दोन हजार डॉलर म्हणजे किती पिरोगी होतात गं लिओना? बोटं राहिलीत का जागेवर?"

लिओना हसली, पण उशिरा.

पिरोगी म्हणजे बटाटा आणि चीजचं सारण भरून करंजीसारखा मिटलेला, पाण्यात उकळून खायचा पदार्थ. खाली गावातल्या सेंट स्टॅनिस्लॉस चर्चच्या बायका त्या करून विकतात, आणि त्यातून दरवर्षी एका पोराला चार वर्षांची शिष्यवृत्ती देतात; यंदा ती टेसाला मिळाली होती. तळघरातल्या त्या टेबलाशी वाटेल त्यानं बसायचं नसतं. नवी बाई आली की तिला कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बटाटे सोलायला बसवतात. लिओनानं सहा वर्षं बटाटे सोलले, मग कुठं पारी हातात आली. पिरोगी उकळत्या पाण्यात उघडली तर ती कुणाच्या हातची हे ब्याऐंशी वर्षांची स्टेला ग्रबोव्स्की लांबून सांगते. लिओनाची कधी उघडली नव्हती.

"मग या चौदाचे बारा होतील," टेसा म्हणाली. "बरोबर ना?"

इथं लिओना नेहमी म्हणायची, "तू लिहून तर दे, पुढचं कचेरी बघेल." आतापर्यंत चर्चची आठ पोरं टेकडीवर आली आणि आठही वेळा तिनं असंच म्हटलं होतं. ते वाक्य आजही तोंडाशी आलं. समोरची पोरगी पेन उघडून वाट बघत होती, आणि लिओनाला स्वतःची किळस आली.

"नाही," ती म्हणाली. "चौदाच राहतील."

"म्हणजे?"

"बाहेरून पैसे आले की टेकडी आपल्या मदतीतून तेवढेच कापते. नियम आहे तसा. तू दोन हजार आणलेस तर ते दोन हजार कमी देतील."

वॉल्टरनं टोपी गुडघ्यावरून उचलली आणि परत तिथंच ठेवली. "म्हणजे बायकांचे पैसे पोरांना नाही, टेकडीला मिळतात?"

"हो."

"आणि हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या पोरापासून."

पहिल्या वर्षी तिनं ठरवलं होतं, बायकांना सांगायचं. पण तेव्हा ती नुकतीच टेबलाशी आली होती. दुसऱ्या वर्षी सांगावं तर पहिल्या वर्षी का नाही सांगितलं, हा प्रश्न आला असता. अशी तेरा वर्षं गेली.

"दुसरीकडे पण असंच आहे का?" टेसानं विचारलं. आवाज चढला नव्हता, हेच लिओनाला जास्त लागलं.

"विचारू या." तिनं त्यांच्यासमोरच राज्याच्या विद्यापीठाला फोन लावला. स्वतःचं नाव सांगितलं, पदही सांगितलं. टेकडीच्या फोनवरून टेकडीचं गिऱ्हाईक घालवायचं काम ती चौतीस वर्षांत प्रथमच करत होती. फोन ठेवून ती म्हणाली, "ते कापत नाहीत. तिथं साडेअकरा पडतील."

"चार वर्षांचा फरक दहा हजार," टेसा म्हणाली, आणि तिनं आजोबाकडे बघितलं.

वॉल्टर खिडकीतून चर्चच्या कळसाकडे बघत होता. "तुझी आजी असती तर म्हणाली असती, इस्त्री मी फुकट केली नव्हती, टेकडीचं आपण काही देणं लागत नाही," तो म्हणाला. "जा तू तिकडं. मला काय, मी सकाळी उठून कॉफी करायला शिकेन."

"तुला येते कॉफी, जाजी."

"एकट्यापुरती नाही येत."

ती दोघं गेल्यावर लिओना खिडकीशी आली. खाली पार्किंगमध्ये वॉल्टर खिशातल्या चाकूनं काचेवरचं स्टिकर खरवडत होता. ते एकदम निघेना.

गुरुवारी ती तळघरात गेली तेव्हा दहा बायका कामाला लागल्या होत्या. जुलैच्या चर्चच्या जत्रेसाठी पिरोगी करून गोठवायच्या होत्या. लिओनानं एप्रन बांधला नाही. उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगितलं, नियम काय आहे, आठ पोरं कोणती, आणि तिला किती वर्षं माहीत होतं. रडू आलं तर सहानुभूती मागितल्यासारखं होईल, म्हणून ती रडली नाही.

हात थांबले. चुलीवर पाणी तेवढं उकळत होतं.

"आमच्या निकोलचे पण?" स्टेलानं विचारलं. निकोल तिची नात.

"निकोलचे पण."

"शनिवार-रविवार डोनटच्या दुकानात उभी असायची पोरगी. मी म्हणायचे, अगं आमचे दोन हजार मिळतात ना, मग कशाला मरतेस? ती म्हणायची, पुरत नाहीत. मला वाटायचं, उधळते." स्टेलानं हातातली पारी खाली ठेवली. "मी तिला तसं बोलूनही दाखवलं होतं."

"नियम काही हिनं केला नाही, स्टेला," कुणीतरी हळूच म्हणालं.

"नियम नाही केला. पण तोंड तर होतं ना हिला?"

बायका जा म्हणाल्या असत्या तर लिओना गेली असती, कोट अजून अंगावरच होता.

स्टेलानं एप्रनला हात पुसले आणि कोपऱ्याकडे बघितलं. तिथं रीटा पाच वर्षांपासून बटाटे सोलत होती.

"रीटा, तू ये इकडं. हिच्या खुर्चीवर बस."

रीटा घाबरून उठली. लिओनाला कळलं. तिनं कोट खुंटीला अडकवला, एप्रन बांधला आणि त्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसली. एकसष्टाव्या वर्षी गुडघे इतके दुमडत नाहीत, तरी बसली. पोत्यातून बटाटा घेतला. टेबलाशी पुन्हा पीठ थापल्याचा आवाज सुरू झाला.

"आणि बटाट्याचे डोळे नीट काढ," मागं न बघता स्टेला म्हणाली. "तू सोलायचीस तेव्हा दोन-तीन तसेच राहायचे."

"हो," लिओना म्हणाली. तिनं बटाटा दिव्याकडे धरून फिरवून बघितला आणि सुरीच्या टोकानं पहिला डोळा काढला.