शहाण्णवच्या मागची जागा

ताईचं नाव मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत पहिलं आलं. हे घडलंच नाही असं समजून पुढे वाचावं, कारण यादी ठेवणाऱ्या कार्यालयानेही तसंच समजायचं ठरवलं.

तिचा धाकटा भाऊ त्याच कार्यालयात ऑपरेटर होता. रुग्णालयांनी पाठवलेले आजाराचे गुण तो संगणकात चढवायचा. जास्त गुण, वरचा नंबर. ताईच्या रुग्णालयातल्या टायपिस्टबाईंनी टाइपरायटरवर जन्म काढलेला, त्यामुळे प्रत्येक आकड्यानंतर त्या सवयीने एकदा स्पेसबार दाबत. ताईचे गुण शहाण्णव, पण मागच्या त्या न दिसणाऱ्या जागेमुळे संगणक त्याला आकडा न मानता शब्द मानायचा, आणि शब्दाला शून्य गुण. ताई सात महिने तळाशी होती.

भावाने ती जागा पुसली. साहेबांनी बोलावलं.

"काय पुसलंस?"

"मोकळी जागा, साहेब."

"दाखव."

"दिसत नाही."

"न दिसणारं पुसलं आणि सख्खी बहीण वर आली! मला काय दुधखुळा समजतोस?"

साहेबांनी जुनी फाइल परत चढवली. दुरुस्ती हवी तर चूक झाल्याचा छापील पुरावा जोडायचा, असा नियम होता. भावाने पान छापलं. पानावर स्वच्छ शहाण्णव होतं.

ताई म्हणाली, "लहानपणापासून असाच तू. आहे ते दिसत नाही, नाही ते पुसत बसतोस."

तिला डायलिसिसला सोडून त्याने अर्ज लिहिला: "सबब विनंती की, सदर जागा साहेबांच्या नजरेस पडेपर्यंत अर्जदाराच्या बहिणीचा आजार आहे त्या स्थितीत थांबवण्याचे आदेश व्हावेत."